सरकारी गाडी कोणासाठी आणि कशासाठी?

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी पत्नीला तपासणीसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जात होतो. महामार्गावर पोलिसांनी सगळी वाहने कडेला थांबवली आणि एका नेत्याचा ताफा पुढे गेल्यावरच आम्हांला सोडले. आमच्या मागे एक रुग्णवाहिकाही अडकून पडली होती. लाल दिवे तर केव्हाच बंद झाले. मग हा मान नेत्यांना कोणत्या नियमाने मिळतो? आणि मुळात त्यांना सरकारी गाडी द्यावीच कशाला?
— एक निवृत्त शिक्षक, काणकोण

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत होते म्हणूनच ही चर्चा बहुतेक वेळा संतापाने सुरू होते आणि संतापातच विरते. गाडी हे कामाचे साधन आहे, तर रस्ता मोकळा करून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगणे आहे. मंत्र्याला गाडी मिळावी असे मला मनापासून वाटते. दुसरी गोष्ट मला मान्य नाही.

सकाळी पर्वरीला सचिवालयात बैठक, दुपारी सांग्यात एखाद्या कामाची पाहणी आणि संध्याकाळी पेडण्यात ग्रामस्थांची भेट, असा ज्याचा दिवस जातो त्या मंत्र्याने स्वतःच्या पदरचे पेट्रोल जाळावे, ही मागणी ऐकायला बरी वाटते. पण ती मान्य केली तर पुढे काय होईल, याचा विचार करावा. जो आधीच श्रीमंत आहे त्याचे काही अडणार नाही. जो श्रीमंत नाही त्याच्या दारात कोणीतरी गाडी आणून उभी करील, आणि खाणी, जमिनी व बांधकामे यांभोवती ज्या राज्याचे राजकारण फिरते तिथे ती गाडी कोण आणून उभी करील हे गोव्याच्या माणसाला सांगायला नको. मंत्री ठेकेदाराच्या गाडीतून फिरण्यापेक्षा सरकारच्या गाडीतून फिरलेला जनतेला कितीतरी स्वस्त पडतो. म्हणून गाडी द्यावी. मात्र ती पदाच्या कामासाठी द्यावी आणि कामापुरतीच द्यावी.

आता नियमांकडे वळू. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याचा वापर मोजक्या घटनात्मक पदांपुरता मर्यादित करण्यास सांगितले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो सरसकट काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून राष्ट्रपती व पंतप्रधान यांच्याही गाडीवर दिवा राहिला नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस अशा तातडीच्या सेवांच्या वाहनांवर तेवढे दिवे उरले. सायरनचेही असेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वेगवेगळ्या सुरांत वाजणारा भोंगा सर्वसाधारण वाहनाला लावता येत नाही. त्यातून सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा ठरावीक वाहनांना, आणि तीही कर्तव्यावर असताना. म्हणूनच ताफ्यात आपल्याला जो सायरन ऐकू येतो तो मंत्र्याच्या गाडीचा नसून पुढे धावणाऱ्या पोलिसांच्या पायलट गाडीचा असतो. दिवा गेला तरी मान उरला, तो या वाटेने.

आपल्या मागे अडकलेल्या रुग्णवाहिकेविषयी मात्र कायदा अगदी स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई प्रमाणे तातडीच्या सेवेच्या वाहनाला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपण किंवा मी रुग्णवाहिकेची वाट अडवली तर गुन्हा ठरतो. तीच वाट ताफ्यासाठी अडवली गेली तर त्याला बंदोबस्त म्हणतात, आणि हे मला अत्यंत चुकीचे वाटते. काणकोणहून किंवा केप्याहून निघालेल्या गंभीर रुग्णाला बांबोळी गाठायला आधीच मोठे अंतर कापावे लागते. तिथे पाच मिनिटांचा खोळंबा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातले माणूस त्या गाडीत आडवे झालेले असते त्यांना विचारावे.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, तो मी झटकणार नाही. या देशाने १९८४ मध्ये पदावरील पंतप्रधान आणि १९९१ मध्ये एक माजी पंतप्रधान हिंसाचारात गमावले आहेत. ज्यांच्या जिवाला धोका असल्याचा अहवाल गुप्तचर यंत्रणा देतात त्यांना संरक्षण मिळालेच पाहिजे आणि त्यांच्यासाठी क्वचित रस्ता थांबवावाही लागेल. परंतु ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात आमदार अजूनही मृत्यूनंतरच्या विधीला, लग्नात आणि जत्रेत लोकांमध्ये उभा असतो. जो नेता शांतादुर्गेच्या जत्रेत गर्दीतून चालत जाऊ शकतो त्याला महामार्गावर मात्र रिकामा रस्ता हवा, हे सुरक्षेच्या कारणाने पटवून देता येणार नाही.

प्रश्न : मंत्र्यांचे एक वेळ समजू शकते. पण महामंडळांच्या अध्यक्षांना मंत्रिपदाचा दर्जा, गाडी, चालक आणि कर्मचारी कशासाठी?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण दुखऱ्या जागीच बोट ठेवले आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. लहान राज्यांसाठी मात्र किमान बाराची तरतूद ठेवली. चाळीस सदस्यांच्या आपल्या विधानसभेत म्हणून मुख्यमंत्र्यांसह बारा मंत्री असू शकतात. पंधरा टक्क्यांचा हिशेब केला असता तर सहाच झाले असते! एवढी मोकळीक असूनही ज्यांना मंत्री करता येत नाही त्यांना खूश ठेवण्याच्या वाटा शोधल्या गेल्या. त्यांपैकी मंत्र्याच्या मदतीला आमदार नेमण्याची, म्हणजे संसदीय सचिवपदाची वाट गोव्यात न्यायालयाने बंद केली: २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मंत्रिपदाच्या दर्जासह झालेल्या अशा नियुक्त्या रद्द ठरवल्या. महामंडळांची वाट उघडीच राहिली.

काही महामंडळांना पूर्णवेळ नेतृत्वाची गरज असते, हे मी मानतो. पण तिथे गाडी द्यायची तर ती महामंडळाच्या कामाच्या आवाक्याकडे पाहून द्यावी. अध्यक्ष कोणत्या गटाचा आमदार आहे आणि तो नाराज झाला तर सरकारचे काय होईल, हे पाहून देऊ नये. शिवाय गाडीचा खर्च म्हणजे नुसते पेट्रोल नव्हे. समजा, काणकोणहून पर्वरीला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर झाले आणि गाडी लिटरमागे दहा किलोमीटर चालली, तर पंधरा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे ढोबळमानाने दीड हजार रुपये. त्यात चालकाचे वेतन व अतिकालिक भत्ता, विमा, दुरुस्ती, टायर आणि ठरावीक वर्षांनी येणारी नवी गाडी हे सारे मिळवले की पेट्रोलचा आकडा त्यात लहान दिसू लागतो. पदांची संख्या वाढली की हा सगळा खर्च त्या पटीत वाढत जातो, म्हणून मी गाडीच्या किमतीपेक्षा पदांच्या संख्येकडे अधिक काळजीने पाहतो.

प्रश्न : आमदारांना देशभर टोल माफ असतो का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या २००८ च्या नियमांनुसार आमदाराला ही सवलत त्याच्या स्वतःच्या राज्यात आणि ओळखपत्र दाखवल्यावरच मिळते. पत्रादेवी ओलांडून महाराष्ट्रात गेलेल्या गोव्याच्या आमदाराने आपल्यासारखाच टोल भरायचा असतो. खासदारांची सवलत देशभराची आहे.

प्रश्न : सरकारी गाडी खासगी कामासाठी वापरली जाते, हे सामान्य माणसाने सिद्ध कसे करावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : माहिती अधिकारात अर्ज करून गाडीचे लॉगबुक मागावे. सरकारी गाडीच्या लॉगबुकात तारीख, निघतानाचे व परततानाचे किलोमीटर, कुठून कुठे, प्रवासाचा उद्देश, भरलेले इंधन आणि गाडी वापरणाऱ्याची सही अशा नोंदी अपेक्षित असतात. उद्देशाचा रकाना आधी वाचावा. तिथे पानामागून पान केवळ 'लोकल ड्यूटी' लिहिलेले असेल आणि किलोमीटर रोज शंभराच्या पुढे असतील, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. रविवार व सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात आणि जाहीर झालेल्या सरकारी कार्यक्रमांशी ताडून पाहाव्यात. त्या दिवशी कार्यक्रम नव्हता एवढ्यावरून गैरवापर सिद्ध होत नाही. पण स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी मग खात्यावर येते.

केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये आला, त्याआधीच १९९७ मध्ये गोव्याने स्वतःचा असा कायदा केला होता. तेव्हा हा हक्क वापरताना आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तरी तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवण्याचे बंधन आहे. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोग. एक काळजी मात्र घ्यावी. पुढचे दौरे, नेहमीचे मार्ग किंवा पोलीस बंदोबस्ताचा तपशील मागितला तर सुरक्षेचे कारण देऊन अर्ज फेटाळला जाईल. त्याऐवजी संपलेल्या आर्थिक वर्षातील एखादा महिना निवडावा, गाडीचा क्रमांक लिहावा, आणि 'या महिन्याच्या लॉगबुकाच्या व इंधनाच्या बिलांच्या प्रती मिळाव्यात' एवढेच एक वाक्य अर्जात लिहावे.