बायबल पहिल्यांदा वाचताय? मार्कपासून सुरू करा

जय ख्रिस्त ताई, तुम्ही म्हणताय उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, सुरू केलं आणि लेवीय या तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकात अडकलात, अहो बहुतेक सगळे तिथंच अडकतात, मीपण दोनदा अडकलोय, त्यात तुमचा विश्वास कमी आहे असं काही नाही. लेवीय सध्या राहू द्या.

मार्क घ्या, म्हणजे येशूचं जीवन सांगणारं मार्कचं शुभवर्तमान. 16च अध्याय आहेत, रोज एक वाचला तरी पुरे, येशू लोकांशी कसा वागतो ते थेट दिसतं. सोबत बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र, म्हणजे प्रार्थनागीत. 119वं आलं की घाबरू नका, 176 वचनं आहेत, चार-पाच दिवसांत वाचा.

सुरुवातीच्या चुका म्हणाल तर:

- मोबाइलवर आलेल्या एका वचनावर दिवस भागवणं. यिर्मया 29:11 (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं वचन) सगळ्यांना पाठ असतं, पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि आधीच्याच वचनात सुटकेला 70 वर्षं लागतील असं सांगितलंय. हे कळल्यावर नोकरी गेली, घरात आजारपण आलं की ते वचन वेगळाच धीर देतं, उद्या सगळं ठीक होईल असा नाही, थांबून राहायचा धीर.
- एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी डबल वाचणं. नका करू, आजचं वाचा.

वाचून झालं की वहीत एकच ओळ लिहा, आज यातलं काय करायचं. जावेशी अबोला असेल तर फोन करायचा, इतकं साधं चालतं.

प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक वगैरे नंतर बघू. मार्क संपलं की कळवा.