मुलाची यादी आणि सुका बांगडा

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे जपानमध्ये योकोहामाला तीन महिने राहून आले. विमानतळावरून घरी जाईपर्यंत त्याने मला यादी वाचून दाखवली. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. कचरा तू टाकायचा नाहीस. शेजाऱ्यांची बेल वाजवायची नाही. घरात मासळी भाजायची नाही, सुकी तर आणायचीच नाही. हळू बोल, भिंती पातळ आहेत. तीन महिन्यांत शेजारणीचं तोंडसुद्धा मी धड पाहिलं नाही. आमच्या वाडीत चार माणसं खळ्यात येऊन बसल्याशिवाय दिवस मावळत नाही. आता एप्रिलमध्ये पुन्हा बोलावतोय. जावंसं वाटत नाही आणि नातीला बघितल्याशिवाय राहवतही नाही. काय करू?
— एक आजी, देवगड तालुका

उत्तर : ताई, जा. पण जायच्या आधी ती यादी निवडून घ्या, सुपात तांदूळ निवडतो तशी. मी योकोहामाला नऊ वर्षं काढली आणि आता वेंगुर्ल्याला असते. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या यादीत काही नियम जपानचे आहेत, आणि काही तुमच्या मुलाच्या धास्तीचे.

ट्रेनचं खरं आहे. फोन वाजला तर लोक तो बंद करतात किंवा पुढच्या स्टेशनवर उतरून बोलतात. शेजारी बसलेल्या नातीशी हळू आवाजात बोलायला मात्र कुणाची हरकत नसते.

कचऱ्याचंही खरं, आणि म्हणूनच ते काम मुलाकडून काढून घ्या. ठरलेल्या वारी, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागी पिशवी ठेवायची आणि वर जाळी ओढायची. जाळी कावळ्यांसाठी. तिथले कावळे आपल्यापेक्षा थोराड, जाड चोचीचे. पिशवी फाडून रस्ताभर पसरतात. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली विसळून चेपायची. कुठल्या वारी काय, याचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला आणि पंधरा दिवसांत हाताला सवय झाली. माझी शेजारीण मला भेटली ती याच जाळीपाशी. रोज सकाळी ‘ओहायो गोझाइमास’ म्हणायचं, मान थोडी झुकवायची, एवढंच. दोन महिने आम्ही त्यापलीकडे गेलो नाही. मग एका पावसाच्या सकाळी माझ्याआधी तिने जाळी उचलून धरली, आणि मला आपली वाडी आठवली.

बेल वाजवू नका, हे अर्धं खरं आहे. न सांगता कुणाच्या दारात जाणं तिथे चालत नाही, कारण समोरच्या बाईला तयारीला वेळ मिळत नाही आणि तिला अवघडल्यासारखं होतं. पण नवीन राहायला आलेल्याने आजूबाजूला छोटी भेटवस्तू घेऊन ओळख करून द्यायची, ही त्यांचीच जुनी रीत. मी नारळाच्या वड्यांचा डबा दिला. चार दिवसांनी डबा धुऊन-पुसून परत आला तो संत्र्यांनी भरून. रिकामं भांडं परत देऊ नये हे माझ्या आईने मला शिकवलं होतं, त्यांच्यात अशा परतभेटीला ‘ओकाएशी’ म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी आठवड्याने पुन्हा डबा भरून दिला, पुन्हा परतभेट आली, मी पुन्हा दिला. मग सुनेने समजावलं की प्रत्येक वेळी त्या बाईला बाजारात जाऊन काहीतरी आणावं लागतंय. तेव्हापासून मी सणावारी फक्त देत आले. आपण माया दाखवायला घरात शिरतो. ती बाई माझ्यावर भार पडू नये म्हणून जपत होती. हे कळायला मला वर्ष लागलं. तुम्हाला तीन महिन्यांत कळलं नाही यात तुमची चूक नाही.

आता मासळी. इथे तुमचा मुलगा साफ चुकतोय, आणि हे त्याला माझ्या नावाने सांगा. जपानी घरातल्या गॅसच्या शेगडीखाली बहुतेक एक खण असतो, तो मासे भाजण्यासाठीच. ज्या देशात शेगडीलाच मासळीचा खण आहे तिथे वासाची लाज कसली? योकोहामाहून ट्रेनने तासाभरावर ओदावारा नावाचं गाव आहे. तिथे मासे मधोमध चिरून, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. सर्वांत जास्त वाळवतात त्या माशाचं नाव ‘आजी’. आपल्या बांगड्याच्या अंगाने जाणारा, चवीला जरा सौम्य. दुकानात तो उघडून ठेवलेला पाहिला आणि मला वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा वास आला. मुलाला एका रविवारी तिथे घेऊन जा. नातीला सांगा, या माशाला आजी म्हणतात. घरी आणून भाजा, खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. तळणाचा धूर आणि फोडणीचा ठसका तेवढा सांभाळा.

मुलगा इतका का घाबरतो, याचाही विचार करा. तिथे तक्रार तोंडावर होत नाही. आमच्या इमारतीत एकदा सगळ्यांच्या पत्रपेटीत एकच चिठ्ठी आली, ‘काही रहिवाशांच्या पावलांचा आवाज होतो’. नाव कुणाचं नाही. माझा मुलगा महिनाभर मोजे घालून चालत होता, आणि चिठ्ठी वरच्या मजल्यासाठी होती. अशी एखादी चिठ्ठी तुमच्या मुलालाही आली असेल. परक्या देशात तो एकटा सगळं सांभाळतो, आणि आई बोलली-चालली की त्याचा जीव दडपतो. त्याला समोर बसवून विचारा, यातलं तुला कोण बोललं, आणि तुझ्या मनानेच किती धरलंयस?

आणि एप्रिलमध्ये जाऊ नका. ऐन आंब्यात देवगड सोडून जाल तर तिथेही जीव इथेच अडकेल. आंबा उतरला की जा, ऑगस्ट तिथे घालवा आणि गणपतीआधी परत या. ऑगस्टच्या मध्याला, बहुतेक ठिकाणी १३ ते १६ तारखेला, त्यांचा ओबोन असतो. पितर घरी येतात म्हणून शहरातली माणसं गावाकडे निघतात, गाड्या तुडुंब भरतात, अगदी गणपतीला आपले चाकरमानी निघतात तशा. काही घरांत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवतात. काकडीचा घोडा, पितरांनी लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय, जाताना सावकाश जावं म्हणून. नातीबरोबर एक घोडा, एक गाय करा. शेजारणीला दाखवायला तेवढं निमित्त पुरेल.

तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथे आपला गणपतीच आहे, पण मूर्ती झाकलेली असते आणि नैवेद्याला पांढरा मुळा ठेवतात. तुम्हीही एक मुळा घेऊन जा.

प्रश्न : जाताना देवगडचा हापूस सामानातून नेता येईल का?
— त्याच आजी

उत्तर : नाही. फळमाशीच्या भीतीने जपानने भारतीय आंबा बरीच वर्षं बंद ठेवला होता. २००६ साली परवानगी दिली ती वाफेची प्रक्रिया केलेल्या, तपासून पाठवलेल्या पेट्यांना. पिशवीतले आंबे विमानतळावर काढून घेतात, आणि ते बघवत नाही. डबा मात्र घट्ट झाकणाचा न्या, तुमच्याकडचा सर्वांत चांगला. तो परत येणार आहे.