घशाकडे छातीतून जाणारी नर्व्ह

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांत तीच हाडं त्याच क्रमाने असतात, म्हणून त्यांचे पूर्वज एक, असं आम्हाला शिकवतात. पण एखाद्या कारागिराने एकच चांगला आराखडा पुन्हा पुन्हा वापरला, असंही म्हणता येईल ना? शिवाय ज्या अवयवांना निरुपयोगी अवशेष म्हणायचे, त्यांचे उपयोग आता सापडताहेत. मग शरीररचनेतला पुरावा उरतो कुठे?

उत्तर : तुझी पहिली शंका जुनी आहे आणि रास्त आहे. वेगवेगळ्या प्राण्यांतला 'तोच अवयव' म्हणजे काय, याची व्याख्या रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये केली. या साम्यामागे त्यांना एक मूळ आराखडाच दिसत होता आणि पुढे ते डार्विनचे कडवे विरोधक झाले. म्हणजे हाडं सारखी आहेत हे बघून उत्क्रांती पटतेच असं नाही. मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तीसेक वर्षं शरीररचना शिकवली. मला उत्क्रांती पटली एका नर्व्हमुळे, म्हणजे मज्जातंतूमुळे.

विच्छेदनाच्या टेबलावर घोड्याची मान असायची. कातडी काढून, स्नायू बाजूला करत श्वासनलिकेपर्यंत पोचलं की तिला लगटून एक पांढरट, बारीक दोरा दिसतो. वर तो स्वरयंत्रात शिरतो आणि तिथले जवळजवळ सगळे स्नायू हलवतो. ही आली कुठून ते शोधा, असं मी सांगायचे. मुलं डोक्याकडे शोधायला लागायची. साहजिकच आहे, मेंदू तिकडे. मग कोणीतरी चिमट्याने दोरा हलकेच उचलायचं आणि ताण जाणवायचा तो उलट्या बाजूला, छातीकडे. ओढू नका, बोटाने माग काढा, असं म्हटलं की बोट मानेच्या मुळाशी जायचं, तिथून छातीत, आणि डाव्या बाजूला थेट महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या कमानीखाली थांबायचं. तिथे ती व्हेगसपासून, म्हणजे मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरणाऱ्या मोठ्या नर्व्हपासून फुटते, कमानीला वळसा घालते आणि आलेल्या वाटेने परत वर चढते. निघाली कवटीतून, जायचंय कवटीलगतच्या घशात, आणि वाट छातीतून! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हा.

जिराफातही हेच आहे. त्याची मानच दोन मीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन चारेक मीटर. सरळ अंतर त्याच्या मानाने अगदीच थोडं.

या वळशाचं कारण माशात सापडतं. माशाला मान नसते. हृदय कल्ल्यांच्या अगदी जवळ असतं, तिथून रक्तवाहिन्यांच्या कमानी एकेका कल्ल्यात जातात आणि व्हेगसच्या शाखा या कमानींच्या मागून सरळ आपापल्या कल्ल्याकडे उतरतात. तिथे ही वाट जवळचीच आहे. आपल्या आणि घोड्याच्या भ्रूणातही आधी हृदय डोक्याच्या खालीच असतं, तशाच कमानी उमटतात आणि ही नर्व्ह सहाव्या कमानीच्या मागून जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि कमानीत अडकलेली नर्व्ह तिच्याबरोबर खाली ओढली जाते. उजव्या बाजूची सहावी कमान विरून जाते, म्हणून तिकडची नर्व्ह जरा वरच, हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते. दोन बाजूंच्या लांबीतला फरकही असा आपोआप उलगडतो.

हा वळसा कशासाठी तरी गरजेचा असेल, असं तू म्हणशील. वाटेत ती श्वासनलिकेला आणि अन्ननलिकेला फाटे देते, हे खरं आहे. पण त्याच व्हेगसची दुसरी एक शाखा वरच्या वरच स्वरयंत्रात जाते. आणि काही मोजक्या माणसांत, शंभरात एकाहूनही कमी, उजव्या हाताची धमनी जन्मतः वेगळ्या जागेवरून निघते. त्यांच्यात उजव्या नर्व्हला अडकवायला काही उरत नाही, म्हणून ती मानेतूनच सरळ स्वरयंत्राकडे जाते. त्यांचा आवाज व्यवस्थित असतो. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारे सर्जन तिला जपून शोधतात, कारण नेहमीच्या जागी ती सापडत नाही.

लांबीची किंमतही मोजावी लागते. काही घोडे दौडताना श्वास घेतला की घरघर करतात. त्यांचं स्वरयंत्र उघडून बघावं : उजवीकडचा, घसा उघडणारा स्नायू लालभडक आणि भरलेला, डावीकडचा फिका आणि चपटा. दोष जवळजवळ नेहमी डाव्या, म्हणजे लांब नर्व्हमध्ये असतो, आणि उंच घोड्यांत जास्त. असा फिका स्नायू हातात धरला की मला अजून गलबलून येतं. एवढा ताकदीचा प्राणी, आणि त्याचा श्वास माशाच्या काळातल्या वाटेवर अडतो.

आता अवशेषांगं. अवशेष म्हणजे निरुपयोगी, ही समजूत आधी सोडून दे. मूळ काम सुटलेला अवयव दुसऱ्या कामाला लागू शकतो, हे डार्विनने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय. देवमाशाच्या पोटात कमरेची दोन छोटी हाडं असतात, पाठीच्या कण्यापासून सुटी. जननेंद्रियाचे स्नायू त्यांना जोडलेले असतात, म्हणजे उपयोग आहेच. पण त्या कामाला कमरेचंच हाड का? देवमाशाच्याच कुळातल्या डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे कोंब खरोखर फुटतात आणि काही आठवड्यांत विरतात. २००६ मध्ये जपानमधल्या ताइजी इथे मागच्या बाजूला परांची जास्तीची जोडी असलेला डॉल्फिन सापडला. ज्याला पाय कधी नव्हतेच, त्याच्यात ही जोडी कुठून येईल?

प्रश्न : प्रयोगशाळेशिवाय, स्वतःच्या शरीरावर असं काही बघता येईल का?

उत्तर : येईल. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मग मनगट थोडं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या मधोमध एक शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूच्या टोकाची कंडरा) दोरीसारखी उठली, तर ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची. आपल्या नात्यातल्या ओरांगउटान या वानरात तो असतोच म्हटलं तरी चालेल. माणसांत बऱ्याच जणांना तो एका किंवा दोन्ही हातांत नसतो. हाताच्या ताकदीत त्याने फारसा फरक पडत नाही, म्हणूनच दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला सर्जन ही काढून घेतात. माझ्या उजव्या हातात ती आहे, डाव्यात नाही. वर्गात पहिल्या दिवशी मी दोन्ही मनगटं शेजारी शेजारी धरून दाखवायचे, आणि पुढची दहा मिनिटं सगळे आपापल्या आणि शेजाऱ्याच्या मनगटात गुंतलेले असायचे.