नऊवर अडकलेला काटा

ताई,
लग्नाला अकरा वर्षं झाली. बायको नोकरी करते, घर बघते, तक्रारीला जागा नाही. पण हल्ली घरातल्या वस्तूंना मन असल्यासारखं ती बोलते. रात्री कपाट कडकन वाजलं की म्हणते, ‘बघ, माझ्या नावानं बोटं मोडतंय.’ फ्रिज थरथरून थांबला की ‘लागली एकदाची झोप.’ कान तुटलेला कप मी टाकायला काढला, तर म्हणे, ‘त्याला कमी ऐकू येतं म्हणून काय घराबाहेर काढायचं?’ हॉलमधलं घड्याळ पंधरा दिवस बंद आहे, त्यावरही तिचं काहीतरी होतं, की बिचाऱ्याला चढ चढवत नाही. मी म्हटलं, सेल संपला असेल. असो. आता तर मी खोलीत आलो की ती एकदम गप्प होते. मी तिला आजवर एका शब्दाने बोललेलो नाही. हा मानसिक आजार असेल का? डॉक्टरांकडे न्यायचं तर विषय कसा काढू?
— काळजीत पडलेला नवरा

तुमच्या पत्रात एक ‘असो’ आहे. तिथून तुम्ही पुढे निघून गेलात, मी मात्र तिथेच थांबले.

हे वाचून झालं की उठा आणि त्या घड्याळाखाली जाऊन उभे राहा. सेलमध्ये थोडी जरी धुगधुगी उरली असेल, तर सेकंदकाटा नऊच्या आसपास तडफडताना दिसेल. दर सेकंदाला एक झटका, केसभर वर, की पुन्हा खाली. बारापासून सहापर्यंत त्याला उतार असतो. सहापासून बारापर्यंत मात्र स्वतःचं वजन घेऊन चढायचं असतं, आणि नऊवर काटा अगदी आडवा झाला की ते वजन सगळ्यात जास्त ओढतं. थकलेल्या सेलची ताकद नेमकी तिथे कमी पडते. आतला क्वार्ट्‌झचा स्फटिक तोवर सेकंदाला ३२,७६८ कंपनं मोजून करत असतो. म्हणजे वेळ त्या घड्याळाला अजून ठाऊक आहे, फक्त काटा वर नेववत नाही.

‘बिचाऱ्याला चढ चढवत नाही.’ तुमच्या बायकोनं हे सगळं चार शब्दांत सांगितलं होतं. त्यासाठी तिनं मान वर करून त्या काट्याकडे चांगलं मिनिटभर बघितलं असणार. तुम्ही म्हणालात, सेल संपला असेल. तेही बरोबर. पण तुम्ही मान वर केली होती का? आणि सेल संपलाय हे कळत होतं, तर पंधरा दिवसांत तो बदलला का नाहीत? ते वाक्य तुम्ही घड्याळासाठी बोललाच नव्हता. तिचं बोलणं तिथेच मिटावं म्हणून बोललात.

आजाराचं विचारता, तर सांगते. १९४४ साली फ्रिट्‌झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म लोकांना दाखवली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट, एवढंच हलत होतं. पहिल्या गटातल्या ३४ जणांना सांगितलं, काय दिसलं ते लिहा. त्यातल्या एकाच व्यक्तीनं त्रिकोण इकडे गेला, वर्तुळ तिकडे गेलं, असं निव्वळ भूमितीचं वर्णन केलं. बाकी सगळ्यांना तिथे जिवंत कुणीतरी दिसलं, बहुतेकांना तर माणसंच: पाठलाग करणारी, घाबरणारी, भांडणारी. माणसाचा डोळा असाच घडलेला आहे.

आणि आपली भाषा तरी काय करते? खुर्चीला पाय, फणीला दात, बाटलीला गळा, कपाला कान आपणच दिले. दार ‘कुरकुरतं’ म्हणताना आपल्याला काही वाटत नाही. तुमच्या बायकोनं एवढंच केलं, की कान दिलाय तर त्याला ऐकूही येत असेल, हे मनापासून धरलं. कपाचा तो विनोद मी दिवसभर मनात घोळवला. असं वाक्य जिला सुचतं, तिला कप हा कपच आहे हे पक्कं ठाऊक असतं. कपाट आपल्याला हुकूम सोडतं अशी तिची खरोखर समजूत झाली असती, त्या भीतीनं तिची झोप उडाली असती, तर मीच म्हटलं असतं, आजच डॉक्टर गाठा. तुमच्या पत्रात तसं काही म्हणजे काही नाही.

आहे ते निराळंच. ‘एका शब्दाने बोललेलो नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. रागावलो नाही, या अर्थानं लिहिलंत, मला कळलं. पण मी ते वाक्य दुसऱ्या अर्थानं वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. कपाटाबद्दल ती ‘बघ’ म्हणाली होती. हा ‘बघ’ कपाटाला नव्हता, तुम्हाला होता. तुम्ही बघितलं नाहीत. मग तुम्ही खोलीत आल्यावर तिनं गप्प का होऊ नये? आपलं आवडतं काहीतरी पुन्हा पुन्हा कुणापुढे धरायचं आणि त्यानं दर वेळी ‘असो’ म्हणायचं, हे माणूस किती दिवस सोसेल? तिच्याबद्दल काळजी वाटते म्हणता, ती खरी असेल. पण मला तुमचा रागच आलाय.

डॉक्टरांचा विषय मनातून काढून टाका. आज रात्री दिवे मालवायच्या आधी तिला हॉलमध्ये बोलवा. दोघं त्या घड्याळाखाली उभे राहा आणि काट्याचे दहा-पंधरा झटके नुसते बघा. मग तिला विचारा, ‘आता काय म्हणतोय गं हा?’ चेष्टेच्या सुरात नको, तिला तो सूर लगेच कळेल. ती कदाचित चटकन उत्तर देणार नाही, तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ‘काही नाही’ म्हणून आत जायला निघेल. तर तुम्ही बोला. काट्याच्या वतीनं जे सुचेल ते, वाकडंतिकडं, कसंही. अकरा वर्षं तुम्हीही त्याच भिंतीखालून ये-जा करताय, एक वाक्य सुचेल.

नवा सेल आणून खिशात ठेवा, पण तिचं उत्तर येईपर्यंत बाहेर काढू नका. कधी घालायचा ते ती सांगेल.