वाचक विचारतात: तिघांनी मिळून ट्रॅकवर

प्रश्न: मी, पत्नी आणि एकोणीस वर्षांची मुलगी, असे आम्ही तिघेही मोटारसायकल चालवतो. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी (म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवून पाहण्याच्या दिवसासाठी) एकत्र जावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अवश्य जावे, मात्र तिघांनी एकाच गटात उतरण्याचा हट्ट धरू नये, कारण गट नात्यावरून नव्हे तर अनुभवावरून ठरलेले बरे. २.१ किलोमीटरच्या या ट्रॅकवर ब्रेक लावण्याचे काम वळणाआधीच उरकून, नजर पुढच्या चाकावर न खिळवता वळण जिथे संपते तिथे ठेवण्याचा सराव केल्यास वेग मागाहून आपोआप वाढतो. आरशांवर चिकटपट्टी लावायची असते, त्यामुळे लेक मागून येते आहे का, हे पाहण्याचा मोहही टळतो! लेदर सूट भाड्याने मिळेल का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.