गेमचं संगीत युट्यूबवर फिकं का वाटतं?

भो, तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. गेममध्ये अंगावर काटा आणणारी धून नुसती मोबाईलवर लावली की फिकी का वाटते, ही पहिली. आणि मित्र म्हणतात तसं, गोष्टच हवी तर पूर्ण वॉकथ्रू, म्हणजे दुसऱ्याने खेळून दाखवलेल्या गेमचा व्हिडिओ, बघून टाकला तर काय बिघडलं, ही दुसरी. माझ्या मते दोन्हीचं उत्तर एकच आहे. ते संगीत तुझ्या हाताकडे बघून वाजत असतं. तू हात काढून घेतलास की उरतं ते नुसतं रेकॉर्डिंग.

आपल्याकडची वरात आठव. नवरदेवाचा घोडा मारुतीच्या पारापाशी अडलेला, नाचणारे हटायला तयार नाहीत, आणि बँडवाला तीच ओळ घोळवत उभा. त्याची नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. बँडमास्तरने हात वर केला की ढोलवाला मधे असा तुकडा मारतो की पुढचं गाणं कधी सुरू झालं ते कळतही नाही. गेमच्या संगीतकाराला नेमकं हेच करायचं असतं, पण त्याला वरात दिसत नसते. तू कुठे थांबशील, कुठे पळशील, कुठे मरशील, हे ठाऊक नसताना सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं.

ही काही आजची युक्ती नाही. 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये खर्जातले फक्त चार सूर फिरत राहतात, आणि शत्रू कमी होत जवळ येतात तसा त्यांचा वेग वाढतो. 1985 चा सुपर मारिओ तर आपण सगळ्यांनीच टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटवर खेळलाय. घड्याळात 100 पेक्षा कमी उरले की संगीतकार कोजी कोंडोची तीच धून धावायला लागायची आणि आपली बोटं घामेजायची.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र 1991 चं आहे, मंकी आयलंड 2. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोघांनी त्यासाठी आयम्यूज नावाची व्यवस्था बनवली. मोडक्या जहाजांवर वसलेलं वुडटिक नावाचं गाव आहे त्यात. गावात फिरताना एक धून वाजते. एखाद्या खोलीत शिरलास की तीच धून वाद्यं बदलून त्या खोलीची होते. बाहेर आलास की पुन्हा गावाची. कुठेही कट मारल्यासारखं होत नाही, कारण तू दार कोणत्या मात्रेवर उघडलंस ते बघून जोडतुकडा वाजतो. नुसतं आत-बाहेर करून बघ, गेम बाजूला राहील.

पुढे 2010 च्या रेड डेड रिडेम्प्शनमध्ये बिल एल्म आणि वुडी जॅक्सनने बहुतेक तुकडे एकाच पट्टीत आणि मिनिटाला 130 ठोक्यांच्या एकाच लयीत ध्वनिमुद्रित केले, म्हणजे कशावरही काहीही चढवता येतं. अल्बम ऐकताना तुला जे मिळतं ती या थरांची कुणीतरी ठरवून दिलेली एक मांडणी. म्हणून फिकं वाटतं. अल्बम वाईट असतात असं नाही. जर्नी या 2012 च्या गेमचं ऑस्टिन विंटोरीने केलेलं संगीत ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं, आणि ते मी गेम बंद असतानाही ऐकतो. पण आधी खेळून झालं होतं म्हणून, हे लक्षात घे.

आता गोष्टीकडे. पडद्यावर चार पर्याय आले म्हणजे गोष्ट तुझी झाली, हे मला पटत नाही. टेलटेल कंपनीच्या द वॉकिंग डेड या गेमचं 2012 साली फार कौतुक झालं. गेम आहेच चांगला, पण त्यातले बरेचसे रस्ते फिरून एकाच चौकात येतात. त्यापेक्षा टोबी फॉक्सचा 2015 चा अंडरटेल बघ. चित्रं अगदी साधी, संगीतही जवळजवळ सगळं त्याचंच. समोर आलेल्याला मारायचं की सोडायचं, एवढंच तुझ्या हातात. (इथून चार ओळी थोडं गुपित फुटतंय, नको असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा.) एखाद्या भागातल्या सगळ्यांना शोधशोधून मारलंस की त्या भागाची उड्या मारणारी धून मंदावते, खोल जाते, ओळखूही येत नाही. कोणी तुला रागवत नाही, पर्यायाची चौकट येत नाही. आता लढायला कोणी येत नाही, एवढंच गेम सांगतो. वॉकथ्रूमध्ये हे सगळं दिसेल रे, पण मारणारा दुसराच कोणीतरी असेल. मग ती धून तुला का टोचेल?

मित्रांना हेच सांग. सिनेमात पात्राने केलेल्या चुकीचा आपण राग करतो. इथे चूक आपल्या अंगठ्याने झालेली असते.

तुझ्या जुन्या लॅपटॉपवर अंडरटेल आरामात चालेल, 2 जीबी रॅम पुरते. मंकी आयलंड 2 विकत घेतलास तर त्याची मूळ आवृत्ती स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या मोफत प्रोग्रामवर मोबाईलवरसुद्धा चालते. नंतर जरा बरं मशीन मिळालं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 2020 मधला राजी हा गेम खेळ. मारामारी मला जरा अडखळत वाटली, पण मधल्या गोष्टी बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितल्यात, ते बघण्यासारखं आहे.

खेळताना हेडफोन लाव. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत खालचे सूर ऐकूच येत नाहीत. चोपड्याला दुपारची लाईट जाते आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे म्हणतोस, तर अंडरटेलमध्ये चमकणारी पिवळी चांदणी दिसली की आधी सेव्ह कर. ती दर खोलीत नसते.