जुनी मियाटा वेगात डोलते? आधी मागचा टो बघ

ताशी १०० च्या पुढे मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) डोलायला लागली की लोक थेट शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलतात. घाई करू नकोस. टायर थंड असताना चारही चाकांत २६ पीएसआय हवा भर, मग मागच्या टायरवर आडवा हात फिरव. आतली कड करवतीसारखी खरखरीत लागली तर टो बिघडलाय, म्हणजे वरून पाहता चाकं सरळ पुढे न बघता आत किंवा बाहेर वळलीत. गुळगुळीत झिजली असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलावर.

पहिल्या पिढीच्या मियाटात मागचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टवर होतं; हा बोल्ट फिरवला की आर्म सरकतो. हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी सांध्याच्या) धातूच्या नळीत गंजून जाम होतात, आणि अलाइनमेंटवाला गुपचूप पुढचंच करून मोकळा होतो! म्हणून मागच्या चाकांचे आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे छापून माग. मागे एकूण साधारण ३ मिमी टो-इन हवा, म्हणजे चाकांची पुढची कड किंचित आत. टो-आउट (कड बाहेर) असेल तर लेन बदलताना मागची बाजू स्वतःच वळू पाहते.

जाम बोल्टला काही दिवस पेनिट्रेटिंग ऑइल मार. हिसक्याने फिरवलास तर तुटेल. रबरी बुश बदललेस तर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळ, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. अलाइनमेंट त्यानंतर.